संध्याकाळी लिहिलेली नावे

डिचोली
१२ फेब्रुवारी १९९६

विनू पोरी,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात शाई घालवत नाही. तुझ्या वसतिगृहात दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तिथल्या बाईंनी सांगितलं, विनोदिनी बाहेर गेल्यात. दुसऱ्या वेळी मागे तुझा खोकला ऐकू आला. पुण्याची थंडी तुला बाधते, आलं-गूळ घेत जा. फोन आता लावत नाही. पत्राचं एक बरं असतं, ते दार वाजवत नाही. मनात येईल तेव्हा उघडावं.

तू यशोदामावशीला पाठवलेला बँकेचा ड्राफ्ट सोबत परत पाठवतो आहे. तिने तो दोन बस बदलून धारगळहून इथे आणून दिला. मी तिला सांगून पाहिलं की पोर मनापासून देते आहे, ठेव. पण तुझ्या आईच्या पाठची बहीण ती, दोघी एकाच खाणीच्या दगडाच्या. म्हणाली, "भाचीचे पैसे माका नको. ज्येनी घेतले त्येनी दिऊक व्हये."

दत्ताराम तिच्याबरोबर आला होता. खाणीवरचा ट्रक सोडून नवरा बायकोसोबत येतो म्हणजे गोष्ट गंभीर. तरी त्याची जीभ गप्प बसेल तर ना. दारापुढच्या बलकांवावर बसून म्हणाला, "रेल्वे आमच्या शेतातसून गेली, पैसे म्हापशातसून गेले. माझो ट्रक तेवढो अजून हंयसर आसा, कारण तो सुरूच होणा नाय." आम्ही हसलो. मावशी हसली नाही.

तुला कोणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो. मावशीने पणजीच्या ग्राहक मंचात तक्रार घातली आहे. तुझ्यावर नव्हे, तू म्हापशाला होतीस त्या शेअरदलालांच्या पेढीवर. सुनावणी वीस मार्चला. ती इतकी पेटली आहे, कारण धारगळच्या हमरस्त्यालगतची ती चिंचोळी जागा अजून विकली गेलेली नाही. रेल्वेने शेत नेलं तेव्हाच तिने ठरवलं होतं की त्या पैशांत तिथे चहा-भजीचं दुकान घालायचं. वर्षभर वाढतील म्हणून तुझ्या शब्दावर ते पैसे पेढीत दिले, शेअर घेतले, आणि वाढायचे सोडून ते निम्म्यावर आले. बाईमाणसाचं शेत गेलं, आता दुकानही जाऊ पाहतंय.

बाकी ठीक. देवळातला कालो, आपला वर्षाचा उत्सव, पार पडला. पावणीचा लिलाव या वेळी मी पुकारला नाही, महादेवाने पुकारला. माझा घसा बसला होता.

तुझी खोली झाडून ठेवलेली असते. खिडकीचं जनेल बंद केलं की दमट वास येतो म्हणून उघडंच ठेवतो.

मामा


डिचोली
२६ फेब्रुवारी

विनू,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण अक्षर तुझं, म्हणून चारदा वाचलं. "मामा, मला यात ओढू नका. बाजार पडला, त्याला पेढी काय करणार?"

बाजार पडला हे खरं. त्याबद्दल मी पेढीला बोल लावत नाही. माझं म्हणणं दुसरंच आहे, ते नीट ऐकून घे. राग आला तर कार्ड पाठव, दोन ओळींचं का होईना.

मी शिकलो तो दुकानात आलेल्या रद्दीतून. शेअरबाजारातलं मला काय कळणार, असं तू म्हणशील. पण काजूच्या हंगामात मी इतकी वर्षं दलाली केली, ती तू लहानपणी पोत्यांवर बसून पाहिली आहेस. मी दोन्ही करत असे. बागाईतदाराच्या काजूला गिऱ्हाईक शोधायचो आणि भाव बरा दिसला तर चार पोती स्वतःसाठीही घ्यायचो. त्यात चोरी नाही. ज्या दिवशी घेणारा कोणी येत नाही त्या दिवशी दलालाने स्वतःच्या पदरचे घालून माल उचलला, तर समोरच्याच्या घरी चूल पेटते. पेढीने गिऱ्हाइकांसाठी शेअर घ्यावेत, स्वतःसाठीही घ्यावेत. धंदाच तो आहे. पण माझी पोती कुठली आणि लोकांची कुठली, हे तराजूला लावण्याआधी ठरलेलं असायचं. पोत्यावर गेरूची खूण आधी, वजन नंतर.

तुला ती रात्र आठवते का? पेढीत लागून तुला महिना-दोन महिने झाले असतील. सुंगटांची आमटी होती. तू मला वाढता वाढता सांगत होतीस, "मामा, आमच्याकडे गंमतच असते. मुंबईला फोन करून एकच शेअर दिवसभरात पुन्हा पुन्हा घेतात. सकाळी एका भावाने, दुपारी दुसऱ्या. त्यातले पेढीचे कुठले आणि गिऱ्हाइकांचे कुठले, ते संध्याकाळी ठरवतात."

मी विचारलं, संध्याकाळी कशाला?

"तोवर भाव कळलेला असतो ना."

तू हसत होतीस. मग माझं तोंड पाहिलंस आणि हसायची थांबलीस. स्वस्तात पडलेले शेअर पेढीच्या नावावर, चढ्या भावाने पडलेले गिऱ्हाइकांच्या. दिवस संपल्यावर, सगळं दिसत असताना. मला ते घास तोंडात असतानाच कळलं. तुलाही तेव्हाच कळलं असावं, कारण त्यानंतर घरी तू पेढीबद्दल कधी बोलली नाहीस.

आपल्या देवळातली पावणी आठव. देवाला वाहिलेली केळी, नारळ, खण यांचा लिलाव. पुकारणारा आधी काय म्हणतो? नाव. "पद्मावती, एकवीस." "कृष्णनाथ, पंचवीस." आधी नाव, मग आकडा. नाव नसलेला आकडा आपल्याकडे कोणी पुकारतच नाही. आणि पुकारणारा स्वतः बोली करत नाही. एखाद्या वर्षी केळी घरी न्यावीशी वाटली तर पुकारणं दुसऱ्याच्या हाती देऊन तो खाली लोकांत जाऊन उभा राहतो.

मावशीची चूक झाली ती इथेच. मधे उभा राहून पुकारणाऱ्याला स्वतःचं केळं नसतं, हे तिने जन्मभर पाहिलेलं. तिला वाटलं, म्हापशाच्या पेढीतही तसंच असणार. त्यात तिथे भाची बसलेली. दाखवशील तिथे सही केली. पेढी स्वतःसाठीही घेते-विकते हे त्या कागदांत कुठेतरी छापलेलं होतं म्हणे. तिला अक्षरओळख सहीपुरती.

ही जेवतानाची गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. मावशीला नाही, तिच्या वकिलाला नाही. ती तुझी आहे.

मामा


डिचोली
११ मार्च

विनू,

काल शिवदासबाब दुकानात आले होते. तुमचे म्हापशाचे साहेब. मी बसायला कदेल पुसून दिली, लिंबाचं सरबत केलं. माणूस वाईट वाटला नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे. घामाघूम झाले होते, आणि उन्हाने नव्हे. त्या वर्षी पेढीने स्वतःसाठी घेतलेल्या मालात मोठी खोट आली होती, वरून मुंबईचे मालक रोज फोनवर शिव्या घालत होते, पाच माणसांचे पगार द्यायचे होते, असं सांगत होते. मी ऐकत होतो. बुडणारा माणूस शेजाऱ्याच्या मानेला धरतो, त्याला वैर म्हणत नाहीत. पण शेजारी बुडतोच ना.

त्यांनी सुचवलं की मावशीने तक्रार मागे घ्यावी, ते काहीतरी देतील, आपसात मिटवू. मी म्हटलं, ते तिला विचारा. मग निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "विनोदिनीचं आमच्या पुण्याच्या कचेरीत छान चाललंय. यंदा तिला वरची जागा मिळायची आहे. तिचं वाईट व्हावं असं आम्हां कोणालाच वाटत नाही."

धमकी गोड आवाजात दिली की तिला निरोप म्हणतात. तो मी तुला पोचवतो आहे, कारण लपवून ठेवायचा मला अधिकार नाही. तू साक्षीला आलीस तर नोकरी जाईल. बहुधा त्या धंद्यातली दुसरीही मिळायची नाही. हे मला कळतं.

मावशीचा वकील सज्जन मुलगा आहे, साखळीकडचा. तो सांगतो, कागद सगळे पेढीच्या बाजूचे आहेत. भाव त्या दिवशी बाजारात लागलेलाच आहे, खोटा नाही, आणि कागदावर वेळ लिहिलेली नसते. नाव सकाळी घातलं की संध्याकाळी, ते त्या खोलीत बसलेल्याच माणसाला ठाऊक. त्याने मला विचारलं, तुमच्या कानावर काही आलं होतं का? मी काजूच्या भावावर बोलत सुटलो. तो समजला असावा. परत विचारलं नाही.

आता एक खरं सांगतो. घसा बसला नव्हता. देवळाच्या समितीतले दोघे घरी आले होते. यंदा पुकारणं महादेवाकडे देऊया, म्हणाले, लोक बोलतात. काय बोलतात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हे तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तुला वाटलं असतं की मामा स्वतःच्या मानासाठी बोलावतो आहे. पण परवा दत्ताराम तुला सगळं लिहिणार म्हणाला. त्याच्या चुलीवर शिजलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याकडचं ऐक. मला त्याचं फार नाही. पुकारून पुकारून माणूस दमतोही.

ये असं मी म्हणत नाही. नको येऊ असंही म्हणत नाही. तुझी आई गेली तेव्हा तुला या घरात आणलं आणि तेव्हापासून तुझ्या ताटात काय वाढायचं ते मी ठरवलं. हे मात्र मी वाढू शकत नाही. वीस तारखेला, अकरा वाजता, पणजी.

मामा


डिचोली
२२ मार्च

विनू पोरी,

तू मागे वळून पाहिलं नाहीस, म्हणून मागे काय झालं ते सांगतो.

तू रात्रीच्या बसने आलीस हे तुझ्या चुरगळलेल्या साडीवरूनच कळलं. आम्ही तिघे शेवटच्या बाकावर होतो. तू दारातून आत आलीस तेव्हा दत्तारामाने माझ्या मांडीवर इतक्या जोरात हात मारला की अजून दुखते. मावशी हलली नाही. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

वकिलाने तुला विचारलं, नावं केव्हा घातली जायची. तू म्हणालीस, संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर, आणि लिहिणारी मी होते. आवाज लहान होता, पण पंखा चालू असूनही शेवटच्या बाकापर्यंत आला. पेढीचा वकील उठला, म्हणाला, ही मुलगी फिर्यादीची भाची आहे, घरच्यांनी पढवून आणलं आहे. मधल्या खुर्चीतल्या साहेबांनी तुला विचारलं, काही सांगायचं आहे का. तेव्हा तू नाही म्हणून बसू शकली असतीस. काम झालं होतं. शिवदासबाबही मान खाली घालून बसले होते.

तू म्हणालीस, "पढवून आणलेली असते तर हे सांगितलं नसतं. त्या दिवशी चढ्या भावाचे बरेच शेअर उरले होते. पेढीच्या साहेबांनी विचारलं, कोणाच्या नावावर घालूया, जो विचारायला येणार नाही असा कोण आहे? मी मावशीचं नाव सांगितलं. मला सगळ्यांत आधी तेच सुचलं."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या मनात तू दुसऱ्याने सांगितलेलं लिहिणारी होतीस, नाव सांगणारी नव्हतीस. वाईट वाटलं, तुझ्यापासून काय लपवू. बाकाची कड धरून बसलो.

मग तू मागच्या जिन्याने उतरून गेलीस. मी खाली धावलो, म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जितकं धावता येतं तितकं. रस्त्यावर तू नव्हतीस. बसस्थानकावरही पाहिलं.

परतीच्या बसमध्ये दत्ताराम पेटला. घरातलीच निघाली, तोंडाने मावशी मावशी आणि हाताने हे, असं पर्वरी येईपर्यंत चाललं होतं. माणसाचा पैसा गेला आहे, त्याला बोलू द्यावं म्हणून मी अडवलं नाही. शेवटी मावशी म्हणाली, "गप रव. खरां तां. मी विचारूक गेलंय नसतंय."

एवढंच. म्हापशात उतरून मी डिचोलीची बस धरली, ती दोघं पेडण्याच्या बसमध्ये चढली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या मनात काय आहे ते मी सांगू शकत नाही, आणि खोटं लिहिणार नाही.

तुझ्याबद्दल मात्र माझ्या मनात काय आहे ते लिहितो. न विचारलेलं सांगायला जे लागतं ते तुझ्यात कुठून आलं मला माहीत नाही. माझ्यात नाही ते. मी काजूच्या भावावर बोलत सुटलो होतो.

पोचल्याचं कळव.

मामा


डिचोली
१४ जुलै

विनू,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. नोकरी गेल्याचं तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढची दोन पानं वसतिगृहातल्या मांजरीवर. वाचली. मांजर छान आहे. ये म्हटल्यावर प्रत्येक पत्रात तू तेच लिहितेस की पुण्याची बस धारगळवरून येते, त्या रस्त्याने मला जाता येणार नाही. बरं, त्यावर मी वाद घालत नाही.

निकाल लागला. चढा भाव आणि त्या दिवसाचा उतरता भाव यांतला फरक पेढीने व्याजासकट द्यायचा आहे. त्यापुढे बाजार पडून जे गेलं ते मावशीचं. वकील तिला समजावत बसला की वरच्या मंचात जाऊया, अजून मिळेल. ती नको म्हणाली. बाजारानं नेलेलं आपलं, माणसानं नेलेलं तेवढं परत आलं. मला तिचा हिशोब पटला.

जागा विकत घेण्याएवढे ते पैसे नाहीत. पण मालकाने पुढचा पट्टा भाड्याने दिला. दत्तारामाने छपराचे पत्रे ठोकले, मी दुकानातली जुनी मोठी पातेली दिली. पोदेर सकाळी पाव टाकून जातो, आणि पातळ भाजी साडेनऊपर्यंत संपते. मोपाच्या सड्यावरून खाली उतरणारे आणि वाहतुकीचे ट्रकवाले थांबतात. दत्ताराम गल्ल्यावर बसायला टपलेला आहे, ती बसू देत नाही. त्याच्याकडे कांदा चिरायचं काम आहे. "ट्रकापेक्षा बरां," म्हणतो, "कांदो निदान रोज सुरू होता."

शिवदासबाबांनी म्हापशाची कचेरी सोडली असं ऐकलं. कुठे गेले ठाऊक नाही. त्यांच्या पाच माणसांतल्या दोघांना दुसरीकडे काम मिळालं आहे, बाकीच्यांचं कळलं नाही. हे तुला सांगावंसं वाटलं, कारण तू विचार करत असशील.

देवळातले ते दोघे परत आले नाहीत. मीही गेलो नाही.

आता ज्यासाठी हे पत्र आज, रविवारी, दुकान अर्धं उघडं टाकून लिहितो आहे ते.

सकाळी मावशी आली. पावसातून, हातात छत्री असून ओली. दुकान कोणावर टाकून आलीस विचारलं तर म्हणाली, कांदेवाल्यावर. बसायला सांगितलं, बसली नाही. मी पाणी दिलं, ते प्यायली नाही. मार्चपासून तिने तुझं नाव काढलेलं नव्हतं, आणि मीही तिच्यापुढे काढलेलं नव्हतं. उभ्या उभ्याच म्हणाली,

"तिका पत्र लिवतंस मां?"

लिहितो म्हटलं.

"तर माझ्या नावान लिव. विचार तिका. नोकरी गेली, आता जेवता खंय?"

मी म्हटलं, वसतिगृहात जेवत असेल, कळवेन तुला. त्यावर तिने मला जी नजर दिली ती तुझ्या आईची होती. म्हणाली, तुला नाही विचारलं मी. तिला विचारलंय. आणि छत्री उघडून गेली. दुसरी बस अकराची असते, ती तिला पकडायची होती.

म्हणून मी उत्तर सांगितलं नाही, आणि तूही मला सांगू नकोस. तिला लिही. यशोदा, पातळ भाजीचं दुकान, हमरस्ता, धारगळ, पेडणे, एवढ्यावर पोचतं. तिला वाचता येत नाही, ती पत्र घेऊन माझ्याकडे येईल आणि वाच म्हणेल. तेव्हा मलाही कळेल.

मामा